न गिळलेला घोट

दादाला अर्धांगाचा झटका आला तेव्हा तो नाशिकला एकटाच राहत होता. सकाळी कामाला आलेल्या बाईंना तो स्वयंपाकघरात भिंतीला टेकून जमिनीवर बसलेला दिसला. उजवा हात मांडीवर पडलेला. काय झालं विचारलं तर नुसतं "ते... ते... ते" म्हणत होता. शेजाऱ्यांनी त्याला दवाखान्यात नेलं आणि त्याच्या फोनमध्ये माझा नंबर शोधून मला कळवलं. तो सहासष्ट वर्षांचा होता. माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा. बायकोशी त्याची फार पूर्वीच फारकत झाली होती, मूलबाळ नव्हतं. आईवडील गेलेले. राहता राहिले मी.

महिनाभराने त्याला कोल्हापूरला आमच्या घरी आणायचं ठरलं, ते माझ्या यजमानांनी ठरवलं. मी विचारायच्या आधीच त्यांनी पुढची खोली रिकामी केली, कॉट खिडकीशी सरकवली आणि संडासाच्या भिंतीला धरायला दांडी बसवून घेतली. यजमान कमी बोलतात. दूध संघात त्यांची सगळी नोकरी झाली, तीही बरीचशी दूध उतरवून घ्यायच्या धक्क्यावर. कॅनचं झाकण उघडायचं, वास घ्यायचा आणि हे दूध घ्यायचं की परत पाठवायचं ते सांगायचं. त्यांचे वडील दारूपायी गेले. त्यामुळे यजमानांनी आयुष्यात कधी थेंबाला स्पर्श केला नाही. खोकल्याचं औषध घेतानासुद्धा त्यात काय आहे ते विचारून घेतात. आणि दादाचा अख्खा जन्म वाइन चाखण्यात गेलेला. दोघांचं वाकडं कधी नव्हतं, पण एकमेकांशी बोलायला विषयही नव्हता. दादा यांना 'दाजी' म्हणायचा, हे त्याला 'पावणं' म्हणायचे आणि पुढे गाडी थांबायची.

दादा विसाव्या वर्षी आमचं गाव कागल सोडून मुंबईला हॉटेलात कामाला लागला. तिथून परदेशी गेला, काही वर्षांनी परतला तो नाशिकच्या एका वाइनच्या कंपनीत. पिंपातली वाइन चाखून ती कधी बाटलीत भरायची, कोणती कशात मिसळायची, हे तो सांगायचा. बाटलीच्या मागच्या कागदावर तिचं वर्णन लिहायचा. आमच्या घरात हे कुणालाच नीट कळलं नाही. वडील गावात सांगायचे, थोरला हॉटेल लाइनीत हाय. भावकी म्हणायची, दारू प्यायचा पगार मिळतो त्याला. मी मराठीची शिक्षिका. मलाही त्याच्या कामाबद्दल याहून फारसं जास्त ठाऊक नव्हतं, आणि खरं सांगायचं तर ठाऊक करून घ्यायची इच्छाही नव्हती.

इथल्या डॉक्टरांनी मला समजावून सांगितलं की याला बोललेलं बरंचसं कळतं, पण शब्द सापडत नाहीत. ते मी रोज बघत होते. एक ते दहा आकडे तो एका दमात म्हणायचा. गणपतीची आरती चालू केली की शेवटपर्यंत जायचा. शिवी तर स्वच्छ यायची. पण पाणी हवं असलं की म्हणायचा 'किल्ली'. आपण चुकलो हे त्याला लगेच कळायचं आणि मग तो डोळे मिटून घ्यायचा. इंग्रजी पार गेलं होतं. चाळीस वर्षं ज्या भाषेत त्याने काम केलं त्यातला एक शब्द उरला नव्हता. जे काही तुटकंमुटकं येत होतं ते कागलचं, आमच्या लहानपणचं होतं. 'हाय', 'न्हाय', 'व्हय'. मीसुद्धा कधीच सोडून दिलेलं बोलणं ते.

शाहूपुरीत दुकानांच्या वर, दुसऱ्या मजल्यावर एक मुलगी वाचा-उपचार करते. तिच्याकडे आम्ही आठवड्यातून दोनदा जाऊ लागलो. जिना चढायला दादाला वीस मिनिटं लागायची. ती चित्रांचे पत्ते समोर ठेवायची. मांजर, कंगवा, घड्याळ, कप. दादा पहिले काही दिवस निमूट बसला. एके दिवशी त्याने डाव्या हाताने सगळे पत्ते टेबलावरून खाली लोटले. मी ओशाळून ते गोळा करायला लागले. ती मुलगी मात्र चिडली नाही. तिने मला विचारलं, यांचं काम काय होतं? मी सांगितलं, पण ओशाळल्यासारखंच सांगितलं. मग तिने विचारलं की सकाळी कामावर गेल्यावर ते नेमकं काय करायचे? सख्खा भाऊ, आणि तो दिवसभर हातांनी काय करतो, नाकाने काय करतो, हे मला माहीत नव्हतं.

तीच म्हणाली, त्यांना त्यांच्या कामातलं काहीतरी द्या. वास, चव, रंग. चित्रातल्या कंगव्याचं नाव घ्यावंसं त्यांना का वाटेल?

नाशिकहून टेंपोने त्याचं सामान आलं होतं. त्यात दोन खोक्यांमध्ये तेवीस बाटल्या आणि कागदात गुंडाळलेले काचेचे सहा पेले होते. खोकी यजमानांनी मागच्या अडगळीच्या खोलीत नेऊन ठेवली होती. फेकली नव्हती, पण त्यावर जुनी चादर टाकली होती. मी आधी डॉक्टरांना विचारलं. दादाला गिळायला त्रास होता, सुरुवातीला पाणीसुद्धा घट्ट करून द्यावं लागायचं. तो त्रास आता गेलाय याची त्यांनी खात्री करून घेतली आणि सांगितलं, पोटात थेंब जाता कामा नये. मी म्हटलं, चाखणारे लोक ती थुंकूनच टाकतात म्हणे. ते म्हणाले, मग चूळ भरली तर माझी हरकत नाही, फक्त शेजारी बसा.

उरली घरातली परवानगी. संध्याकाळी मी यजमानांना सगळं सांगितलं. ते ऐकून उठून बाहेर गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना म्हणाले, "गिळणार न्हाईत ना?"

मी म्हटलं, नाही.

"मग दुपारचं बसा. दार उघडं ठेवून बसा. माझ्या घरात लपवून काही करायचं न्हाय."

पहिल्या दिवशी मी टेबलावर बाटली ठेवली तेव्हा दादा एकदम ताठ बसला. इतके दिवस मी एका वाकलेल्या माणसाला जेवू घालत होते, आंघोळ घालत होते. हा माणूस वेगळा होता. मी पेला अर्धा भरला तर त्याने मान हलवली आणि दोन बोटं आडवी धरून दाखवली, इतकीच. मग समोरच्या वर्तमानपत्रावर बोट आपटू लागला. मी ते वाचायला दिलं तर वैतागला. बऱ्याच वेळाने मला कळलं की त्याला छापलेला कागद नको, कोरा पांढरा हवा होता. मी वहीचं पान फाडून दिलं. त्याने पेला त्यावर तिरका धरला. ती वाइन तरुण होती, वर्षा-दीड वर्षाची. रंग अगदी काठापर्यंत गेलेला, जांभळं खाल्ल्यावर जिभेला चढतो तसा. त्याने पेला टेबलावरच ठेवून डाव्या हाताने गोल गोल फिरवला, नाक आत घातलं आणि डोळे मिटून बराच वेळ तसाच राहिला. मग घोट घेतला, तोंडात हवा ओढून खुळखुळवला आणि मी पुढे केलेल्या पातेल्यात थुंकला.

उजव्या बाजूने ओठ मिटत नव्हते. अर्धी वाइन हनुवटीवरून सदऱ्यावर सांडली. त्याने सदऱ्याकडे पाहिलं आणि पेला दूर सारला. मी टॉवेल आणून त्याच्या गळ्याला बांधला आणि पेला परत पुढे ठेवला. शिकवायच्या दिवसांत फळ्यापाशी रडवेली झालेली मुलं मी खूप पाहिली होती, अशा वेळी त्यांच्याकडे बघायचं नसतं. मी खिडकीबाहेर बघत राहिले.

"जा... जा..." तो म्हणाला.

माझ्या ओठावर शब्द आला होता. पण त्या मुलीने बजावलं होतं, शब्द देऊ नका, मनात दहा आकडे मोजा. मी सातपर्यंत आले.

"जांभूळ," दादा म्हणाला. मग मान हलवून म्हणाला, "न्हाय. करवंद."

चार महिन्यांत त्याने नेमका उच्चारलेला हा पहिला शब्द होता, आणि तोही त्याने स्वतःच दुरुस्त केलेला. मी पदर डोळ्याला लावला. आत स्वयंपाकघरात यजमान उभे होते. त्यांनी ऐकलं होतं. ते बाहेर आले, पातेलं उचललं, मोरीत रिकामं केलं, धुतलं आणि परत आणून ठेवलं. त्या दिवसापासून ते काम त्यांचं झालं.

मंगळवारी आणि शनिवारी दुपारी आम्ही बसायचो. बाटली उघडली की बूच परत लावून फ्रीजमध्ये ठेवायची, चार दिवस तीच चालायची. गगनबावड्याकडच्या बायका टोपल्यांतून करवंदं घेऊन आल्या की मी ती घ्यायचे. जांभळं, तुती, मिरी, दालचिनी, सुकं अंजीर, सगळं वाट्यांमध्ये मांडून ठेवायचे. दादा पेल्यात नाक घालायचा, मग वाट्यांवरून डावा हात फिरवायचा आणि एका वाटीपाशी थांबायचा. शब्द आला तर आला. मी तो वहीत लिहायचे. उपचार करणारी मुलगी ती वही बघून खूश व्हायची.

एके दिवशी त्याने दुसरा पेला माझ्यापुढे सारला. मी नको म्हटलं, तर "घे की" म्हणाला. हे दोन शब्द इतके सहज आले की मला नाही म्हणवेना. मी घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. मला ती नुसती आंबट आणि तुरट लागली. दादा हसला. झटका आल्यानंतर तो पहिल्यांदा हसत होता, अर्ध्या तोंडाने. मग तो दारातल्या माझ्या चपलांकडे बोट दाखवू लागला. मला वाटलं त्याला बाहेर जायचंय. मी त्याच्या चपला आणल्या तर मान हलवायचा, परत माझ्या चपलांकडे बोट. शेवटी मी माझी चप्पल हातात घेऊन त्याच्यापुढे उभी राहिले. त्याने स्वतःच्या हिरड्यांवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "हि... हिर..."

मी म्हटलं, हिरडी? तो चिडला. मी पुन्हा मनात मोजायला लागले.

"हिरडा," तो म्हणाला.

मग मला उमगलं. लहानपणी वडील आम्हाला चपला करणाऱ्यांच्या गावाला घेऊन जायचे. तिथे कातडं कमवायला हौदात हिरडा आणि बाभळीची साल घालून ठेवलेली असायची. दादाने एकदा पैज मारून हिरडा चावला होता आणि दिवसभर त्याचं तोंड आवळून राहिलं होतं. मी दुसरा घोट घेतला. हिरड्यांना तशीच पकड बसत होती. त्याच्या चाखण्यातलं मला पहिल्यांदा कळलं ते हे.

त्यानंतर मीही शिकत गेले. कोवळी वाइन तोंडात शिरताच सगळं एकदम सांगून टाकते आणि तुरटपणा हट्टाने मागे राहतो. दोन-तीन वर्षांनी फळ जरा मागे सरतं, मिऱ्यासारखं, लाकडासारखं काहीतरी पुढे येतं. हे सगळं त्याने मला पाच-पन्नास शब्दांत शिकवलं. बाटल्यांच्या मागच्या कागदांवर त्याचीच इंग्रजी वर्णनं होती. मी एक मोठ्याने वाचून दाखवलं. कुणा परक्याचं पत्र ऐकावं तसं त्याने ते ऐकलं. त्यात मिरी होती, पिकलेलं आलुबुखार होतं, पण हिरडा नव्हता. इतकी वर्षं हिरड्याची चव ओळखून तो तिच्या जागी दुसराच काहीतरी शब्द लिहीत आला असणार.

यजमान कधीच चाखायचे नाहीत. पण एकदा बूच काढताच ते स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाले, "ही नासलीय. भिजल्या पोत्याचा वास येतोय." दादाने पेला नाकाला लावला आणि त्यांच्याकडे बघून मान डोलवली. "दाजी, व्हय," म्हणाला. यजमानांनी ती आख्खी बाटली मोरीत ओतली. त्या दिवशी दोघं शेजारी बसून चहा प्यायले.

सहा-सात महिन्यांनी दादाच्या कंपनीतले एक जण कोल्हापुरात आले होते, ते भेटायला आले. दादाच्या हाताखाली तयार झालेला माणूस, आता त्याच्याच खुर्चीवर बसत होता. मनाने चांगला. पण दादाशी ते मोठमोठ्याने, एकेक शब्द तोडून बोलत होते, बहिऱ्याशी बोलावं तसं, आणि जे विचारायचं ते मला विचारत होते. झोप लागते का, जेवतात का, ओळखतात का? दादा त्याच्याकडे बघत होता. शेवटी मीच म्हटलं, त्यालाच विचारा, त्याला कळतं. त्या गृहस्थांनी यंदाची नवीन वाइन आणली होती. मी पेले मांडले. दादाने रंग पाहिला, वास घेतला, घोट तोंडात फिरवला. एव्हाना त्याला पुष्कळसं पातेल्यात थुंकता यायला लागलं होतं. मग बराच वेळ तो शब्द शोधत राहिला. पाहुणे अवघडले, घड्याळाकडे बघू लागले.

"घाई," दादा म्हणाला. "घाई केली."

पाहुण्यांनी हातातला पेला खाली ठेवला. मग माझ्याकडे न बघता दादाकडे बघूनच, साध्या आवाजात म्हणाले की हो, दोन महिने आधी भरली, मागणी होती, थांबता आलं नाही. दादाने मान हलवली. जाताना ते त्याच्या पाया पडले. ते गेल्यावर दादा कितीतरी वेळ पेल्यातली राहिलेली वाइन फिरवत बसला होता. आनंद झाला होता की वाईट वाटत होतं, ते मला सांगता येणार नाही.

खोक्यात तळाशी एक परदेशी बाटली होती, वीसेक वर्षांची. ती कधी उघडायची हे दादाच ठरवणार होता. एका रविवारी त्याने ती उभी करून ठेवायला लावली. दोन दिवस कुणाला हात लावू दिला नाही, तळाला गाळ बसायला हवा होता. मंगळवारी दुपारी मी ती अगदी हळू ओतली, यजमानांनी बाटलीच्या मानेखाली बॅटरी धरली होती, गाळ दिसताच थांबायचं म्हणून. रंग लाल राहिला नव्हता. काठाला विटेसारखा आणि त्याच्याही कडेला चहासारखा. मी आधी वास घेतला. मला फळ सापडेना. सुकलेली पानं, जुन्या लाकडी पेटीचा आतला भाग, असं काहीसं वाटलं. तुरटपणा तर जवळजवळ नव्हताच. घोट मऊ होता आणि थुंकल्यावरही तोंडात कितीतरी वेळ राहिला.

दादाने नाक पेल्यात घातलं ते काढलंच नाही. मी वही उघडून बसले होते.

"आई," तो म्हणाला.

मला वाटलं शब्द चुकला. किल्लीसारखाच. मी थांबले. तो परत म्हणाला, "आई." आणि माझा पदर धरून नाकाशी नेला, मग पेला माझ्या नाकाशी धरला.

आमची आई हंगामात तंबाखूच्या वखारीत कामाला जायची. आमच्या स्वतःच्या शेताच्या दोन पट्ट्यांत तंबाखू असायचा, तो निघाला की ती दुसऱ्यांच्या वखारीत पानं निवडायला बसायची. संध्याकाळी घरी आली की तिच्या लुगड्याला, केसांना, हातांना तो वास असायचा. जरा गोडसर, सुकल्या पानाचा, घशात बसणारा. आम्ही दोघं तिच्या मांडीवर पडायचो तेव्हा तोच वास. तो त्या पेल्यात होता. मला तो आधी का आला नाही कुणास ठाऊक. एकदा आल्यावर दुसरं काही येईना.

"आलो न्हाय," दादा म्हणाला. "आई... मी... आलो न्हाय."

तो रडत होता. आवाज नव्हता, फक्त डाव्या बाजूचा चेहरा हलत होता.

आई गेली त्याला तेव्हा बारा वर्षं होऊन गेली होती. ती चार महिने अंथरुणात होती आणि मी रजा टाकून कागलला जाऊन तिचं करत होते. शेवटच्या आठवड्यात दादाचा परदेशातून फोन आला. तिथे कुठल्या तरी स्पर्धेला त्याला परीक्षक म्हणून बोलावलं होतं. त्याने विचारलं, येऊ का, तिकीट बघतो. मी दोन रात्री झोपले नव्हते. आई सारखी त्याचंच नाव घेत होती. माझं एकदाही नाही. मी त्याला म्हणाले, "तू येऊन काय करणार? चव घेऊन सांगणार, अजून किती दिवस टिकेल ते?"

तो फक्त बरं म्हणाला. त्या फोननंतर चौथ्या दिवशी आई गेली. तो तिसऱ्या दिवसाच्या विधीला पोचला. भावकीने त्याला तोंडावर सुनावलं की दारूच्या घोटासाठी आईला सोडलंस. मी तिथेच भांडी लावत होते. मी काही बोलले नाही. त्यानेही कुणाला सांगितलं नाही, मलासुद्धा कधी बोलून दाखवलं नाही. पुढची बारा वर्षं कागलला तो न आलेला मुलगा राहिला आणि मी सेवा केलेली मुलगी.

आणि आता तो मला सांगत होता की तो आला नाही. मीच नको म्हटलं होतं, हे वाक्य मला बोलायचं होतं. चार शब्दांचं तर वाक्य. यजमान बॅटरी हातात घेऊन उभे होते. मी दादाच्या गळ्यातल्या टॉवेलने त्याचा डोळा पुसला आणि म्हणाले, "असू दे, दादा."

पुढे सांगू असं मी ठरवलं. उपचार करणारी मुलगी म्हणाली होती की मोठी, गुंतागुंतीची वाक्यं त्यांना एकदम झेपणार नाहीत, थोडे महिने जाऊ द्या. मी तेच धरून बसले. त्याला समजेल इतका तो बरा झाला की सांगायचं. खरं तर त्याला तेव्हाही समजलं असतं. तो 'घाई केली' म्हणू शकत होता, त्याला हे का समजलं नसतं?

पावसाळा सरता सरता त्याला दुसरा झटका आला. सकाळी दात घासताना बसला तो उठलाच नाही. दवाखान्यात सहा दिवस होता. डोळे उघडे असायचे, पण ते माझ्यावर येऊन थांबायचे नाहीत, पुढे निघून जायचे. आकडे नाहीत, आरती नाही, शिवीसुद्धा नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी खोलीत आम्ही दोघंच होतो. मी त्याचा डावा हात धरला आणि सगळं सांगितलं. फोनवर मी काय बोलले ते शब्द जसेच्या तसे सांगितले. आई शेवटपर्यंत त्याचंच नाव घेत होती, हेही सांगितलं. तेही मी बारा वर्षं त्याला सांगितलं नव्हतं. सांगून झाल्यावर मी मनात मोजत राहिले. दहाच्या पुढे गेले, पन्नासच्या पुढे गेले. नर्स सलाइन बदलायला आली तेव्हा मी त्याचा हात सोडला.

तो सहाव्या दिवशी पहाटे गेला.

दिवस कागललाच घातले. तेराव्याला भावकी जमली. जेवणं चालू असताना आमचा एक चुलतभाऊ वाढणाऱ्याला म्हणाला, हाक मारून सांगितल्यासारखं, "काय न्हाय गा, पिऊन पिऊन गेला. आयुष्यभर त्योच धंदा. शेवटी बहिणीच्या घरात बसून पीत हुता म्हणं."

मी पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते. मी खाली बघून पुढच्या भांड्यात पाणी ओतत राहिले. यजमान त्याच पंगतीत होते. त्यांनी हातातला घास ताटात ठेवला.

"वर्षभर ते माझ्या घरात हुते," ते म्हणाले. "एक थेंब गिळला न्हाय त्यांनी. पातेलं मी धूत हुतो. मला ठावं हाय."

मग कुणीतरी भात मागितला आणि जेवणं पुढे सुरू झाली. चुलतभावाने नंतर यजमानांना पान आणून दिलं, पण बोललेलं मागे घेतलं नाही. कागलला आजही दादाबद्दल तेच सांगतात, आम्हाला कळतं. वर आणखी सांगतात की आईला नाही आला, पण शेवटी बहिणीनेच त्याचं केलं. लग्नात, बारशात बायका माझा हात धरून म्हणतात की बहीण असावी तर अशी.

यजमानांना मी सगळं सांगितलंय. ते ऐकून म्हणाले, कागलला जाऊन सांगायचं असलं तर मी संगं येतो. त्याला आता दीड वर्ष होत आलं. मी अजून निघालेली नाही.